रॉजर ट्रेनर: कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टातली ३० वर्षं

रॉजर ट्रेनर (१९००-१९८३) हे कॅलिफोर्निया राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज, १९४० ते १९७०, त्यातही १९६४ पासून चीफ जस्टिस. सुप्रीम कोर्ट म्हटलं की आपल्याला दिल्लीच आठवते, पण अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च कोर्ट असतं आणि राज्याच्या कायद्यापुरता शेवटचा शब्द त्याचाच, म्हणजे करार, घटस्फोट, अपघाताची भरपाई ही सगळी रोजच्या जगण्यातली प्रकरणं बहुतेक वेळा राज्याच्या कोर्टांतच संपतात.

ट्रेनर मूळचे युटा राज्यातल्या पार्क सिटी या खाणगावचे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकले, तिथेच कायदा शिकवू लागले, टॅक्स हा त्यांचा विषय. आधी कुठल्याच कोर्टात जज नव्हते. १९४० मध्ये गव्हर्नर ओल्सन यांनी आधी बर्कलीचेच मॅक्स रॅडिन यांचं नाव दिलं होतं, ते जजांच्या नेमणुका तपासणाऱ्या कमिशनने नाकारलं आणि मग ट्रेनर यांचा नंबर लागला. तिथली पद्धत अशी की गव्हर्नर नेमतो, पण नंतर मतदार हा जज ठेवायचा की नाही एवढंच मत देतात, समोर दुसरा उमेदवार नसतो.

त्यांचं सगळ्यात मोठं काम एका बाटलीपासून सुरू झालं. ग्लॅडिस एस्कोला नावाची वेट्रेस कोका-कोलाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवत होती, तीन ठेवून झाल्या आणि चौथी हातातच फुटली, तळहात खोलवर चिरला. १९४४ मध्ये कोर्टाने कंपनीचा निष्काळजीपणा धरून तिच्या बाजूने निकाल दिला. ट्रेनर यांना निकाल मान्य होता, पण त्यामागचं कारण मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी वेगळं मत लिहिलं की सदोष माल बाजारात आणला आणि कुणाला इजा झाली तर कंपनी जबाबदार, निष्काळजीपणा शोधत बसायची गरजच नाही, कारण कंपनी तो खर्च किमतीत वाटून घेऊ शकते पण जखमी माणूस एका अपघाताने पार खचून जाऊ शकतो. तेव्हा ते एकटेच होते. १९६३ मध्ये ग्रीनमन नावाच्या माणसाच्या कपाळावर, बायकोने ख्रिसमसला दिलेल्या सुतारकामाच्या मशीनमधून लाकूड उडून बसलं, आणि या वेळी अख्खं कोर्ट ट्रेनर यांच्या मागे उभं राहिलं. हा नियम मग अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी उचलला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष मालाच्या जबाबदारीवर वेगळं प्रकरण आहे.

१९४८ चा पेरेझ खटला मला तितकाच मोलाचा वाटतो. आंद्रेया पेरेझ मेक्सिकन वंशाची, कागदोपत्री गोरी, सिल्व्हेस्टर डेव्हिस काळा, म्हणून लॉस एंजेलिसमध्ये त्यांना लग्नाचं लायसन्स नाकारलं गेलं. कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी वेगळ्या वंशाच्या लोकांच्या लग्नावरची ही बंदी घटनाबाह्य ठरवली, मुख्य मत ट्रेनर यांचं. देशाच्या सुप्रीम कोर्टाला तिथपर्यंत पोचायला १९६७ उजाडलं.

आणि स्वतःचं मत बदलायलाही ते कचरले नाहीत. बेकायदा झडतीतला पुरावा चालेल असं त्यांनीच १९४२ मध्ये लिहिलं होतं. १९५५ मध्ये पोलिसांनी आरोपींच्या जागेत चोरून मायक्रोफोन बसवल्याचं प्रकरण समोर आलं तेव्हा त्यांनीच लिहिलं की असा पुरावा यापुढे चालणार नाही, कारण तो चालवून घेतला की पोलिसांना रोखणारं दुसरं काहीच उरत नाही हे मधल्या वर्षांत त्यांना दिसलं होतं.