बायबलमधली पुस्तकं निकियाच्या सभेत ठरली नव्हती

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 मध्ये निकियाला (आजच्या तुर्कस्तानात) बिशपांची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रमुखांची, सभा बोलावली आणि बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची ते तिथे मतदानाने ठरलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. त्या सभेचे 20 नियम आजही वाचायला मिळतात. त्यांत पुस्तकांची यादी नाहीच. मुख्य वाद होता अरियस या धर्मगुरूच्या शिकवणीचा: पुत्र (येशू) पित्यासारखाच (देवासारखाच) अनादी, की निर्माण केलेला?

येशूचं जीवन सांगणारी चार शुभवर्तमानं तर आयरेनियस या बिशपने इ.स. 180 च्या सुमारासच ठामपणे मानली होती. नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी दिसते ती बिशप अथनेशियसच्या इ.स. 367 च्या पत्रात, म्हणजे सभेनंतर 42 वर्षांनी.

मग ही समजूत आली कुठून? वेदीपाशी सगळी पुस्तकं ठेवली, प्रार्थना केली, खरी वर आली नि खोटी खाली राहिली, अशी एक कथा कित्येक शतकांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथात आहे. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने ती सर्वदूर नेली.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी बिशप युसेबियसचा ‘मंडळीचा इतिहास’ (मंडळी म्हणजे चर्च) वाचावा, असं मी आग्रहाने सांगेन. सर्वमान्य पुस्तकं कोणती आणि वाद कोणत्यांवर, हे तो त्याच काळात बसून वेगवेगळं नोंदवतो.