थंडीची फुलं थंडी पडल्यावर लावायची?

‘स्वेटर बाहेर निघाले की पिटुनिया, पॅन्सी लावा’ हा सल्ला पुण्यात वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. बी पेरल्यापासून पिटुनियाला फुलायला साधारण ३ महिने लागतात. डिसेंबरात पेरलं तर फुलं येणार मार्चमध्ये, आणि तेव्हा पुण्याचं ऊन ३५ अंशांच्या घरात असतं. पॅन्सी तर त्यात मानच टाकते. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनासारखा बहर घरी हवा, तर पेरणी सप्टेंबरअखेर.

पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक. ते मातीने झाकू नका, रुजायला उजेड लागतो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या, ओलं करा, वर बी भुरभुरा. पाणी फक्त स्प्रेने. ऑक्टोबरात रोपं आडवी पडू लागली, की सगळे उन्हाला दोष देतात. आधी देठ मातीलगत बघा. तिथे तो तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर ती बुरशीची मर, म्हणजे रोपं कोलमडवणारा रोग. आणखी पाणी घातलंत तर उरलेलीही जातील.

चार-सहा पानं आली की रोपं एकमेकांपासून २०-२५ सेंटिमीटरवर लावा, रुजल्यावर शेंडा खुडा. उशीर झालाच, तर नोव्हेंबरात रोपवाटिकेतून तयार रोपं आणा. फुलांनी लदलेली नव्हे, कळ्यांची.