आजारपणानंतरचा बालआहार : कोल्हापूर परिसर

जुलाब, ताप, खोकला, गोवर अशा नेहमीच्या संसर्गातून उठलेल्या लहान मुलाला, विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे या वयात, आजारातली झीज भरून निघेपर्यंत दिला जाणारा वाढीव आहार. ताप उतरला, जुलाब थांबले की घरच्यांच्या लेखी आजार संपतो. वजन मात्र त्यानंतरही काही आठवडे मागेच असते आणि तेवढ्यात दुसरा संसर्ग झाला तर मूल कुपोषणाकडे झुकते.

आजारपण मुलाला कुपोषणाकडे नेते, या विचाराचा उगम वादग्रस्त आहे. काश्यपसंहिता या बालरोगांवरील प्राचीन आयुर्वेदग्रंथात ‘फक्क’ या बालरोगाचे क्षीरज (दुधामुळे होणारा), गर्भज (आईच्या नव्या गरोदरपणामुळे होणारा) व व्याधिज (आजारामुळे होणारा) असे तीन प्रकार सांगितले आहेत. वर्षाचे होऊनही पायांवर न चालणारे मूल ते फक्क. व्याधिज प्रकारात ज्वरादी रोगांनी क्षीण झालेल्या, नितंब, दंड व मांड्या सुकलेल्या आणि पोट व डोके मोठे दिसणाऱ्या मुलाचे वर्णन येते. काही अभ्यासक फक्क म्हणजे मुडदूस (हाडे मऊ पडण्याचा रोग) असे समजतात. क्षीरज व गर्भज प्रकारांबद्दल काहीही म्हटले, तरी व्याधिज फक्काची लक्षणे संसर्गोत्तर कुपोषणाशी अधिक जुळतात. ग्रंथाचा काळ निश्चित नाही. इ. स. पू. सहाव्या शतकापासून इ. स. सातव्या शतकापर्यंतची मते आढळतात. उपलब्ध पाठ नेपाळातील एका खंडित हस्तलिखितावरून 1938 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर वात्स्याचा प्रतिसंस्कार (नंतरचे पुनर्संपादन) असल्याने यांतला उत्तरेकडचा, म्हणजे नंतरचा काळ धरणे सावधपणाचे ठरेल.

चरकसंहितेतील ‘ज्वराच्या आरंभी लंघन’ हे सूत्र मुलांना उपाशी ठेवण्याच्या समर्थनार्थ सर्रास उद्धृत केले जाते. ते अर्धेच उद्धृत होते. लंघनानंतर पेया (पातळ पेज), यवागू (दाट पेज) असा चढता क्रम तिथेच सांगितला आहे आणि बालक, वृद्ध व गर्भिणी यांना लंघन वर्ज्य मानण्याचीही परंपरा आहे. कोल्हापूरकडच्या घरांत पेज, मग मऊ भात, मुगाचे कढण आणि शेवटी ‘अळणी’ (मटणाचे बिनतिखट पाणी) असा जो क्रम दिसतो, तो संहितांमधून उतरला असे काही लेखक सुचवतात. पचायला हलके ते जड या साध्या अनुभवातूनही तो येऊ शकतो. हे दुसरे स्पष्टीकरण पुरेसे वाटते.

आधुनिक मांडणी स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन या संशोधकांच्या 1959 च्या लेखात आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1968 मध्ये काढलेल्या त्यांच्या प्रबंधात आढळते : संसर्ग पोषण बिघडवतो आणि बिघडलेले पोषण पुढचा संसर्ग तीव्र करते. यांपैकी टेलर यांनी पंजाबातील नारंगवाल येथे दीर्घकाळ काम केले. जुलाबांमुळे मुलांची उंची कायमची खुंटते का, यावर पुढे मतभेद झाले. एका पक्षाच्या मते पुरेसे अन्न मिळाल्यास झीज भरून निघते व परिणाम तात्पुरता राहतो, दुसऱ्या पक्षाच्या मते वारंवार जुलाब होणाऱ्या मुलांत तूट साचत जाते. दोन्ही मतांचा व्यवहारातला निष्कर्ष एकच, की दोन आजारांमधले दिवस वाया जाऊ देऊ नयेत.

तापात शरीराचा ऊर्जाखर्च दर अंश सेल्सिअसमागे सुमारे एक दशांशाने वाढतो, भूक मंदावते, आतड्याचे अस्तर सुजल्याने शोषण घटते. एक ग्रॅम वजन परत मिळवायला साधारण 5 किलोकॅलरी लागतात. म्हणजे 400 ग्रॅम वजन घटलेल्या मुलाला नेहमीच्या जेवणावर सुमारे 2,000, दोन आठवड्यांत विभागून रोजच्या 140 किलोकॅलरी जास्तीच्या हव्यात. 30 ग्रॅम तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी आणि वर चमचाभर तूप एवढ्यात हे भागते. आजारानंतर दोन आठवडे रोज एक जेवण जादा, हा रूढ वैद्यकीय सल्ला या हिशेबाशी जुळतो. जुलाबांत क्षारसंजीवनीबरोबर (ओआरएस) जस्ताच्या (झिंक) गोळ्याही देतात (सहा महिन्यांवरील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस), तर गोवरात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा. अंगावरचे दूध कोणत्याही आजारात तोडायचे नसते.

खरी अडचण पातळपणाची. पेजेत पाणीच जास्त, त्यामुळे वाटीभर पिऊनही ऊर्जा थोडी आणि मुलाचे पोट तर लगेच भरते. पेज घट्ट केली तर अशक्त मूल गिळत नाही. मोड आणून वाळवलेल्या धान्याचे पीठ यावर उपयोगी पडते. अंकुरणात तयार होणारे अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडते, म्हणून घट्ट शिजवून थोड्या निवलेल्या लापशीत असे चमचाभर पीठ ढवळले की ती पाणी न घालता सैल होते. पीठ आधीपासून उकळले तर विकर निकामी होते. बडोद्यात पोषणतज्ज्ञ तारा गोपालदास व सहकाऱ्यांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला. नाचणी पिकवणाऱ्या राधानगरी, आजरा, चंदगड या भागांत मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व परिचित आहे, पण ते दुधात वा पाण्यात चांगले उकळून देतात, त्यामुळे हा गुण वापरला जात नाही.

अळणी म्हणजे तांबडा-पांढरा रस्सा करण्यापूर्वी मीठ, हळद घालून शिजवलेल्या मटणाचे पाणी, तिखट न घातलेले. आजारी मुलाला ते हमखास पाजतात. त्याने तोंडाला चव येते, पोषण मात्र मुख्यतः खाली राहिलेल्या मटणात असते. ते बारीक करून भातात कालवून भरवणे अधिक हिताचे. खोकल्यात केळे आणि जुलाबांत दूध सरसकट बंद करण्याची चाल शहरातही आढळते.

जिल्ह्यात जुलाबांचा जोर पावसाळ्याच्या तोंडाला असतो. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी त्र्यंबोली देवीच्या देवळाच्या पायरीवर वाहण्याची प्रथाही याच दिवसांतली. अंगणवाडीत वजन महिन्यातून एकदा होते, त्यामुळे मधल्या आजारातली घट पुढच्या वजनालाच कळते. दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी भरणे (सहा महिने ते पाच वर्षे) किंवा दोन्ही पायांवर सूज येणे ही तीव्र कुपोषणाची लक्षणे होत. अशा मुलाचे घरच्या आहारावर भागत नाही. त्याला कोल्हापुरातील सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे लागते.

गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची मुले कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात. आई पहाटेच फडात गेल्यावर दिवसाचे जादा जेवण भरवायला थोरले भावंड तेवढे असते, आणि मुलाची वजनाची नोंद बहुधा मूळ गावच्या अंगणवाडीत राहिलेली असते.