लहान हॉल, मोठं कुटुंब: लग्नातल्या ग्रुप फोटोंची तयारी

हॉल ठरवताना किती माणसं बसतील हे सगळेच विचारतात. आम्हा फोटोग्राफरना मात्र मोकळं अंतर किती ते कळायला हवं. हिशोब असा आहे. फुल-फ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 35 मिमीची लेन्स लावली, तर पहिल्या रांगेपासून 4 मीटरवरून साधारण 4.1 मीटर रुंदी मावते. दोन्ही कडांना जागा सोडावीच लागते, नाहीतर अल्बमच्या मापात कापताना कडेची आत्या अर्धी जाते. उरतात 3.3 मीटर. खांदे किंचित तिरके केले की माणशी 45 सेंमी धरायचे, म्हणजे रांगेत 7 आणि तीन रांगांत 21 जण. रांगांना मागेपुढे 2 मीटर लागतात, फोटोग्राफर आणि त्याच्या शिडीला 1 मीटर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत 7 मीटर संपले.

24 मिमीच्या लेन्सने तेवढ्याच अंतरावरून 6 मीटर रुंदी मिळते खरी, पण कडेचे चेहरे आडवे ताणले जातात आणि दंड जाड दिसतात. संपादनात ते थोडंफारच सावरतं. त्यापेक्षा दारातून किंवा कोपऱ्यातून, तिरक्या रेषेत फोटो काढलेला बरा. जिना असेल तर उत्तमच: पायऱ्यांवर रांगा आपोआप वरखाली होतात.

सपाट जागेत पहिली रांग खुर्च्यांवर बसते, दुसरी मागे उभी राहते, तिसरी भक्कम बाकावर. प्लास्टिकच्या खुर्चीवर कुणीही चढू नये. मागच्यांनी पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत उभं राहायचं. ज्याला लेन्स दिसत नाही, त्याचा चेहरा फोटोत येणार नाही; एवढी एकच सूचना सगळ्यांना द्या.

उजेडाचा घोटाळा बहुधा छतामुळे होतो. पांढऱ्या, तीनेक मीटर उंचीच्या छतावर फ्लॅश मारला की प्रकाश सगळ्या रांगांवर सारखा पसरतो. छत लाल किंवा हिरवं असेल तर तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो. सरळ समोरून मारलेला फ्लॅश 2 मीटरवरच्या माणसाला जेवढा मिळतो, त्याच्या चौथा हिस्साच 4 मीटरवरच्याला मिळतो. पुढचे पांढरेफटक, मागचे काळपट. म्हणून रंगीत छत असेल तिथे आम्ही स्टँडवर, उंचावर दोन लाइट लावतो. जांभळे-निळे एलईडी ग्रुप फोटोपुरते बंद ठेवायला हॉलवाल्यांना आधीच सांगून ठेवा. त्या उजेडातला त्वचेचा रंग नंतर नीट परत आणता येत नाही.

डोळे मिटण्याचंही गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांना त्यासाठी 2006 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळालं. 20 पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला 3 ने भागायचं, कमी उजेडात 2 ने. तितके फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची खात्री धरता येते. पन्नास जणांत तसा फोटो मिळणं जवळपास अशक्य. तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून लागोपाठ फोटो घेतो आणि मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतला चेहरा बसवतो. त्यामुळे पहिल्या क्लिकनंतर लगेच पांगू नका.

लहान ग्रुपला 3 मिनिटं, मोठ्याला 8 धरा. दहा-बारा ग्रुप म्हणजे पाऊण तास, त्याहून लांब यादी करू नका. सगळ्यात मोठा ग्रुप आधी घ्यायचा, मग मंडळी कमी करत जायचं. उलट केलं की काका गाडी काढायला गेलेले असतात. आजी-आजोबांना पहिल्याच फोटोत बसवून मोकळं करा. तान्ही बाळं शेवटच्या क्षणी आणा.

दोन्ही बाजूंनी एकेक माणूस द्या: सगळ्यांना नावानिशी ओळखणारा आणि खड्या आवाजाचा. वधूवरांचे आईवडील नकोत, त्यांना दर मिनिटाला कुणीतरी हाक मारत असतं. त्या दोघांच्या हाती छापील यादी हवी, मोबाइलवरची नको.

आठवडाभर आधी यादी, हॉलची लांबी-रुंदी आणि छताचा एक फोटो आम्हाला पाठवा. मोजताना स्टेज आणि खांब वगळून मोजा.