प्रस्तुत, पण कशाशी?

‘हे आजही रेलेव्हंट आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. कशाशी रेलेव्हंट, ते मात्र सांगत नाही. मराठीतला ‘प्रस्तुत’ तरी बरा. त्याचा अर्थच मुळी ‘चालू विषयाला धरून’ असा. पण तोही आता ‘सध्याचा’ या अर्थानेच जास्त वापरला जातो.

वादात विषय सोडणं हा आपल्याकडे जुना गुन्हा. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, वादात हरण्याची २२ निग्रहस्थानं दिली आहेत, त्यातलं एक ‘अर्थांतर’. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात दिलेला नमुना झकास आहे. एकजण म्हणतो, शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही, हा हेतू. आणि लगेच ‘हेतू’ हा शब्द कोणत्या धातूला कोणता प्रत्यय लागून झाला, हे समजावू लागतो. व्याकरण अगदी बरोबर, तरी गडी बाद!

इंग्रजी ‘रेलेव्हंट’चं मूळ लॅटिनमध्ये, ‘वर उचलणे, भार हलका करणे’ या क्रियापदात. तो रुळला तो स्कॉटलंडच्या कोर्टांत. तिथे आधी पाहत, की आरोपपत्रातलं सगळं खरं धरलं तरी कायद्याने गुन्हा होतो का? होत नसेल तर साक्षीदार बोलवायचेच कशाला?

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने तर कोणती तथ्यं संबद्ध (म्हणजे रेलेव्हंट), हे कलमवार लिहून काढलं. ‘इतर कोणतीही नाहीत’ असं बजावून. त्यातलं एक उदाहरण असं: अ ने ब ला लुटलं का, हा प्रश्न. लुटीच्या थोडं आधी ब पैसे घेऊन जत्रेत गेला होता आणि ते त्याने लोकांना दाखवले होते, हे तथ्य संबद्ध.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डला सिरिल क्लेव्हर्डन यांनी मुख्यतः विमानशास्त्रावरचे १,४०० लेख घेऊन, हवा तो लेख शोधून काढण्याच्या पद्धतींची परीक्षा घेतली. त्यासाठी संशोधकांनाच विचारलं, तुमचा निबंध कोणत्या प्रश्नातून निघाला, आणि त्या प्रश्नाला कोणता लेख किती कामाचा? म्हणजे गुण लेखाला नव्हेत, प्रश्न आणि लेख या जोडीला. सर्च इंजिनांची पारख आजही बरीचशी याच धर्तीवर होते.

त्याच दशकात अमेरिकेतले विद्यार्थी ‘रेलेव्हंट’ शिक्षण मागू लागले. त्यांच्या मागणीत ‘कशाशी’ हे उघड होतं: युद्ध, वर्णभेद. घोषणेत तेवढा शब्द उरला.