‘कशाला उठवायचं कुणाला?’

रात्रीचे तीन वाजून गेलेले. वॉर्डात सगळी निजानीज. माझ्या वडिलांना लघवीसाठी जाग आली. खाली चटईवर मी गाढ झोपलो होतो. ‘दिवसभर दमलाय, कशाला उठवायचं?’ म्हणून एका हाताने सलाईनचा स्टँड धरून, पायाने चपला चाचपत ते उभे राहिले आणि दुसऱ्याच पावलाला कोसळले. न्यूमोनियासाठी दाखल केलं होतं, ताप उतरलाही होता. घरी आले ते खुब्याचं ऑपरेशन करून.

आपण अशा वेळी फरशीला दोष देतो. फरशी ओली असतेही, पण पडण्याची तयारी शरीरात आधीच झालेली असते. आडवा माणूस उभा राहिला की 500 ते 800 मिलिलिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांमध्ये दाब ओळखणारे चेतातंतू असतात. ते मेंदूला कळवतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब सावरतो. तरुणपणी हे काही सेकंदांत होतं. म्हातारपणी ही यंत्रणा संथ होते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी, झोपेची गोळी आणि तापाने शरीरातलं कमी झालेलं पाणी. डोळ्यांपुढे अंधारी येते ती अशी.

दुसरं कारण खाटेवर पडून राहण्याचं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांतलं स्नायूंचं वजन सुमारे एक किलोने घटलं. हे निरोगी माणसांचं झालं. आजाऱ्याला ‘पडून राहा, आराम करा’ असं आपण किती प्रेमाने सांगतो!

मग उपाय काय? खाटेचे कठडे वर करणं हा आपला पहिला विचार. पण तापात किंवा औषधांनी भ्रमिष्ट झालेला रुग्ण कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो. रुग्ण उठला की वाजणारे अलार्म अमेरिकेतल्या एका रुग्णालयात लावून पाहिले. पडणं काही कमी झालं नाही, असं 2012 मध्ये दिसलं. ऑस्ट्रेलियात सहा रुग्णालयांतल्या 24 वॉर्डांत पाट्या, बुटक्या खाटा, अलार्म, बाथरूममध्ये सोबत असं सगळं एकत्र करून बघितलं. 2016 मध्ये निष्कर्ष आला, फरक शून्य.

मात्र ऑस्ट्रेलियातल्याच आठ पुनर्वसन वॉर्डांत वेगळं घडलं. तिथे फिजिओथेरपिस्ट भान शाबूत असलेल्या रुग्णापाशी बसून बोलले. तुम्ही का पडू शकता, कधी मदत मागायची, हे समजावलं आणि कर्मचाऱ्यांनाही त्यात घेतलं. पडण्याचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत नर्सनी रुग्ण व नातेवाईक यांच्यासोबत बसून पडण्याचा धोका आणि त्यावरचे उपाय दाखवणारा खाटेजवळचा चित्रांचा तक्ता भरायला सुरुवात केली. 2020 च्या अहवालानुसार पडून होणाऱ्या दुखापती 34 टक्क्यांनी कमी झाल्या.

मला यातलं मर्म हे वाटतं की पडणारा माणूस बहुतेकदा बेफिकीर नसतो, भिडस्त असतो. त्याला कुणाला त्रास द्यायचा नसतो. आपल्याकडे तर खाटेपाशी घरचं माणूस असतंच. परदेशातल्या अनेक वॉर्डांत न मिळणारी ही मोठी सोय आहे. पण डबा, औषधं, रिपोर्ट सगळं त्याला सांगतात. ‘बाबांना उठवताना आधी दोन मिनिटं खाटेच्या कडेला पाय सोडून बसवा, घोटे हलवायला लावा’ हे कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी वडिलांना पुन्हा दाखल करावं लागलं. या वेळी मागे पट्टा असलेल्या चपला नेल्या आणि झोपायच्या आधी त्यांना न विचारताच बाथरूमला नेऊन आणलं. त्या वॉर्डात बेल नव्हती, म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. ‘उठवलं नाहीत तर मला झोप लागणार नाही,’ असं त्यांना सांगून ठेवलं.

त्या रात्री चमचा दोनदा वाजला.