पिशवी काढणं म्हणजे हिस्टरेक्टॉमी

हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढून टाकायचं ऑपरेशन, पण ठाण्यात काय किंवा ऐरोली-घणसोलीत काय, हा शब्द बोलताना कोणी वापरत नाही, सगळ्याजणी "पिशवी काढली" असंच म्हणतात. शब्द सोपा आहे पण त्याने घोळ होतो. पिशवी म्हटलं की काम संपलेली रिकामी वस्तू डोळ्यासमोर येते आणि मग "मुलं झाली ना, आता ठेवायची कशाला" हे घरातलं कोणीही सहज बोलून जातं. मुलं झाली हे ऑपरेशनचं कारण नाही. कारण म्हणजे आजार, आणि आजाराला नाव लागतं. "पिशवी खराब झालीय", "पिशवीला सूज आहे" ही काही नावं नव्हेत.

काढतात नक्की काय, इथेही गोंधळ असतो. गर्भाशय मुठीएवढं, त्याचं खालचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, वर दोन बाजूंना नळ्या आणि ओव्हरी म्हणजे बीजकोश. टोटलमध्ये गर्भाशय आणि सर्व्हिक्स दोन्ही जातं, सबटोटलमध्ये सर्व्हिक्स राहतं (म्हणून पॅप स्मिअर, म्हणजे सर्व्हिक्सच्या कॅन्सरसाठीची तपासणी, चालूच ठेवावी लागते), आणि रॅडिकल हे कॅन्सरसाठी, त्यात आजूबाजूचा भाग आणि योनीचा वरचा थोडा भागही काढतात. ओव्हरी काढायच्या की ठेवायच्या हा वेगळा निर्णय आहे आणि तो ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्यायचा, कारण इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन गर्भाशयात नाही तर ओव्हरीत बनतं. चाळिशीत दोन्ही ओव्हरी गेल्या की मेनोपॉज म्हणजे पाळी जाणं हळूहळू न येता एकदमच येतो, अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ, हृदयालाही धोका. ओव्हरी ठेवल्या तरी काहीजणींचा मेनोपॉज थोडा लवकर येतो. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरने "ओव्हरी आहेत का?" विचारल्यावर "सगळंच काढलं वाटतं" असं उत्तर देणाऱ्या बायका प्रत्येक ओपीडीत भेटतात, तेव्हा डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट रेशनकार्डासारखा जपून ठेवा.

आता गरज कधी असते. गर्भाशयाचा कॅन्सर असेल तर हाच मुख्य उपचार. सर्व्हिक्सचा कॅन्सर लवकर सापडला तर ऑपरेशन, पुढच्या स्टेजला गेला तर बहुतेक वेळा रेडिएशन आणि केमो (नवी मुंबईकरांना त्यासाठी परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटलच गाठायला हवं असं नाही, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्रही टाटाचंच). बाळंतपणात रक्तस्राव काही केल्या थांबत नसेल किंवा वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसली असेल तर जीव वाचवायला काढावंच लागतं, तिथे सेकंड ओपिनियन घ्यायला वेळच नसतो. अंग बाहेर येणं हे उतारवयातलं एक मोठं कारण, पण त्यातही आधी आत आधार देणारी रिंग बसवून बघता येते.

खरा प्रश्न जास्त रक्तस्रावाचा आहे, कारण ऑपरेशनं सर्वांत जास्त त्यासाठीच होतात. फायब्रॉइडच्या म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी किंवा अ‍ॅडिनोमायोसिसमुळे (गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्या भिंतीत वाढणं) दर महिन्याला इतकं जातं की हिमोग्लोबिन खाली येतं, ठाणे स्टेशनचा पूल चढताना दम लागतो, लोकलमध्ये उभं राहवत नाही. हे सहन करत बसायचं नसतं हे खरंच, पण पहिली पायरी ऑपरेशन नसते. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, हार्मोन्स, मिरेनासारखी हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू जी आत बसवली की काही वर्षं काम करते, नुसत्या गाठी काढणं, गाठीचा रक्तपुरवठा बंद करणं, इतकं सगळं आहे. याने भागलं नाही तर मग ऑपरेशन करून घेण्यात काही चूक नाही आणि अशा बायका नंतर सुटल्यासारखं वाटतं म्हणतात तेही खरं. त्रास न देणाऱ्या गाठीला मात्र बहुतेक वेळा हात लावायची गरज नसते, मेनोपॉजनंतर त्या साधारण आक्रसतातच.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी सोनोग्राफीचा कागद दाखवला होता, त्यात "नॅबोथियन सिस्ट" या शब्दाखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या, घरात सगळे हादरलेले. ती सर्व्हिक्सवरची निरुपद्रवी पाण्याची पुळी असते, अनेकींना असते. "बल्की युटेरस" म्हणजे गर्भाशय थोडं मोठं, हाही नुसता आकार झाला, आजार नाही. अंगावरून पांढरं जाणं किंवा "पुढे कॅन्सर होईल" ही भीती, यासाठीही पिशवी काढत नाहीत. उलट मेनोपॉज झाल्यावर लाल डाग दिसला, एकदाच का होईना, तर ते मात्र तपासायचंच, आणि नेमकं तेच "उष्णता झाली असेल" म्हणून सोडून देतात.

विनाकारण ऑपरेशनं होतात हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा विषय गाजला, सर्वेक्षणात 82 हजारांवर बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. एप्रिल 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना अशी विनाकारण ऑपरेशनं रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 3 महिन्यांत लागू करायला सांगितलं.

ऑपरेशन पोटावरून, खालून म्हणजे योनीमार्गातून किंवा दुर्बिणीतून होतं. दुर्बिणीचं पहिलं 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी केलं. "बिनटाक्याचं" असे बोर्ड दिसतात ते खालून केलेल्याचे, टाके असतात पण आत. जमत असेल तर हाच मार्ग बरा मानतात. कोणत्याही मार्गाने केलं तरी आतली जखम भरायला साधारण 6 आठवडे लागतात, तेवढे दिवस पाण्याची बादली, गॅस सिलिंडर, नातवंडं उचलायची नाहीत आणि संबंधही नाहीत. बाहेरून टाका दिसत नाही म्हणून आठव्या दिवशी घरचे स्वयंपाकाला लावतात. थोडा तपकिरी स्राव काही दिवस चालतो, पण लालभडक रक्त, ताप किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर सकाळची वाट न बघता रिक्षा करायची.